चिन्ह बदललं तरी घनमूळ हटेना, म्हणून गणित सोडायचं?

पत्राचा सारांश: इंदूरहून एका आईनं लिहिलं आहे. लेक सीबीएसईच्या अकरावीत, विषय पीसीएम. सकाळी शाळा आणि दुपारी भंवरकुआंला कोचिंग. दहावीपर्यंत गणित हा तिचा हातखंडा विषय होता. कोचिंगच्या गेल्या टेस्टमध्ये मात्र घनमुळं असलेले बैजिक अपूर्णांक सोपे करायची उदाहरणं आली आणि तिथं ती पार अडकली. आईनं होळकर सायन्स कॉलेजातून बी.एस्सी. केलंय, पण लग्नानंतर पुस्तक मिटलं ते मिटलंच. शिकवायला बसलं की दहा मिनिटांत वादावादी होते. लेक म्हणते, "आई, तुझी मेथड जुनी आहे. सर म्हणाले, साइन बदलो और मल्टिप्लाई कर दो. तेच तर मी केलं!" वडिलांचं मत असं की आत्ताच झेपत नसेल तर वेळेत कॉमर्सला टाकू. आजी म्हणते, पोरीला रडवू नका. आईचे प्रश्न तीन: हिला गणिताचं डोकंच नाही असं समजायचं का? विषय बदलायचा का? आणि जिला स्वतःलाच आता येत नाही, तिनं शिकवायला बसावं का? सोबत वहीच्या दोन पानांचे फोटो जोडले आहेत.

ताई, नमस्कार.

विषय बदलण्याचा प्रश्न मी थोडा मागे ठेवते. तो निर्णय तुम्ही घरात ज्या पुराव्यावर घ्यायला निघाला आहात, तो पुरावाच अजून कुणी नीट वाचलेला नाही असं मला वाटतं. वहीचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नाहीतर 'गणित जमत नाही' या तीन शब्दांवर मी काय बोलणार होते?

दोन्ही पानांवर एकेक लाल फुली आहे. तपासणाऱ्यानं दोन्हींना शून्य दिलंय. पण त्या दोन फुल्यांची जात वेगळी आहे.

पहिलं उदाहरण (क्ष − ८) / (∛क्ष − २) सोपं करायचं. लेकीनं अंश आणि छेद दोघांना (∛क्ष + २) नं गुणलं. वर आलं (क्ष − ८)(∛क्ष + २), खाली आलं ∛(क्ष²) − ४. मग बराच वेळ पेन टेकवून बसल्याची शाईची खूण आहे, आणि पुढे काही नाही.

आता तुम्ही एक करा. क्षच्या जागी २७ घाला. २७ चं घनमूळ ३. मूळ उदाहरणात वर २७ − ८ म्हणजे १९, खाली ३ − २ म्हणजे १. उत्तर १९. लेकीच्या ओळीत वर १९ × ५ म्हणजे ९५, खाली ९ − ४ म्हणजे ५. ९५ भागिले ५, पुन्हा १९. तिनं लिहिलेली ओळ खोटी नाही, ताई. तिनं अपूर्णांकाची किंमत जराही बिघडवलेली नाही. फक्त त्या गुणाकारानं काम साधलं नाही, छेदातलं घनमूळ वेश बदलून तिथंच बसलं.

दुसऱ्या पानावर तिनं ∛(क्ष − ८) च्या जागी ∛क्ष − २ लिहिलंय. इथंही २७ घाला. डावीकडे ∛१९, म्हणजे साधारण २.६७. उजवीकडे ३ − २, म्हणजे १. ही मात्र खरीखुरी चूक. वजाबाकीच्या आत घनमूळ असं वाटून देता येत नाही.

या दोन्ही गोष्टी तिला एकाच दमात 'चूक' म्हणून सांगितल्या गेल्या आणि मला वाटतं खरा घोळ तिथं झाला. एक रस्ता लांबचा होता, दुसरा रस्ताच नव्हता. मुलीला हा फरक कुणी दाखवला नाही तर तिच्या मनात एवढंच उरतं की आपण काहीही केलं तरी फुलीच पडते. मग मुलं पेन टेकवून बसतात.

आता पहिल्या ओळीकडे परत येऊ, कारण तिथं तुमच्या लेकीच्या डोक्याबद्दल बरंच काही कळतं. नववीत ती शिकली की छेदात √५ − २ असेल तर √५ + २ नं गुणायचं. चिन्ह बदला, गुणा, वर्गमूळ गेलं. ही युक्ती सरांनी काल-परवा काढलेली नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात करणींच्या, म्हणजे पूर्ण न सुटणाऱ्या मुळांच्या, भागाकारासाठी हेच सांगितलंय की छेदातल्या एका करणीचं चिन्ह बदला आणि त्यानं अंश-छेद दोघांना गुणा. त्या करणी वर्गमुळाच्या होत्या. तुमच्या लेकीनं ओळखीचं तंत्र नव्या जागी लावून पाहिलं. शहाणी मुलं असंच करतात. ज्याला काहीच सुचत नाही तो पान कोरं सोडतो.

मग तंत्र का फसलं? चिन्ह बदलण्यात काही जादू नव्हती म्हणून. (अ − ब)(अ + ब) केलं की अ² − ब² उरतं. वर्गमुळाचा वर्ग झाला की मूळ जातं, म्हणून तिथं काम होतं. घनमुळाला वर्ग पुरत नाही, त्याला घन लागतो. तेव्हा लेकीला विचारायचा प्रश्न 'चिन्ह बदललंस का?' हा नव्हे. 'ह्याचा घन व्हायला कशानं गुणावं लागेल?' हा. माझ्या दृष्टीनं सगळ्या प्रकरणाची किल्ली या एका प्रश्नात आहे.

हा प्रश्न सगळ्यात लहान उदाहरणावर विचारून पाहा. १/∛५ मधला छेद मोकळा करायचाय. बहुतेक मुलं ∛५ नं गुणतात, कारण १/√५ ला √५ नं गुणायची सवय असते. खाली येतं ∛२५, मूळ काही हटत नाही. घन व्हायला ∛५ तीनदा हवं, एक आहे, म्हणजे अजून दोन हवेत. ∛२५ नं गुणलं की खाली ५ आणि वर ∛२५. लेकीचं मोठं उदाहरण नेमकं इथंच अडलं होतं. हे छोटं तिला आधी करू दे, मोठ्याची भीती अर्धी कमी होईल.

आता मोठं. आधी घनमुळाला एक साधं नाव द्या. ∛क्ष = प. मग क्ष म्हणजे प³, आणि उदाहरण झालं (प³ − ८) / (प − २). ही ओळ वहीत लिहून दोन मिनिटं काही बोलू नका. तिला स्वतःला दिसू द्या की यात आता घनमूळ कुठं राहिलंच नाही. हे नववीतलं अवयव पाडणं आहे, आणि ते तिला येतं. अ³ − ब³ = (अ − ब)(अ² + अब + ब²). इथं अ म्हणजे प, ब म्हणजे २. वरचा (प − २) खालच्या (प − २) शी गेला, राहिलं प² + २प + ४. पुन्हा मूळ रूपात लिहिलं तर ∛(क्ष²) + २∛क्ष + ४. २७ घालून बघा: ९ + ६ + ४ = १९. ६४ घातलं तर मूळ उदाहरणात ५६ भागिले २ म्हणजे २८, आणि उत्तरात १६ + ८ + ४ म्हणजे २८.

तुम्ही लिहिलंय की सर म्हणतात 'फॉर्म्युला रट लो'. पाठ असावाच, त्याला माझी ना नाही. परीक्षेत तीन तास असतात, तिथं सूत्र बनवत बसायला वेळ नसतो. पण पाठ करण्याआधी एकदा तरी तिनं तो कंस स्वतःच्या हातानं सोडवावा. (प − २) नं (प² + २प + ४) ला गुणलं की प³ + २प² + ४प − २प² − ४प − ८ येतं. मधले चार तुकडे जोडीजोडीनं उडतात, कडेचे दोन उरतात. हे उडताना एकदा डोळ्यांनी पाहिलं की मधलं पद तिथं कशासाठी असतं ते कळतं. नाहीतर ते पद हमखास निसटतं, किंवा त्याचं चिन्ह उलटं पडतं. आणि ऐन परीक्षेत सूत्र आठवलंच नाही तर प³ − ८ ला प − २ नं सरळ भागाकार करावा, जसा बहुपदींचा करतात. पाच ओळींत तेच उत्तर हाती येतं.

एक बारीक सापळा सांगते, कारण तुमच्या लेकीच्या पानाच्या कोपऱ्यात त्याची खूण दिसली. ८ घेतलेल्या उदाहरणात मधलं पद २प येतं. मुलांना वाटतं की हा २ म्हणजे (अ + ब)² मधल्या २अब चा २. तसं नाही. हा २ म्हणजे आपला ब आहे, सूत्रात मध्ये नुसतं अब असतं. म्हणून पहिल्या सरावाला ८ घेऊच नका, २७ घ्या. (क्ष − २७)/(∛क्ष − ३) चं उत्तर ∛(क्ष²) + ३∛क्ष + ९ येतं, आणि ३ तिथं कुठून आला याबद्दल शंका राहत नाही. त्याच्या पाठोपाठ बेरजेचं एक द्या. (क्ष + २७)/(∛क्ष + ३) म्हणजे ∛(क्ष²) − ३∛क्ष + ९. आठ घालून पडताळा: ३५ भागिले ५ म्हणजे ७, आणि ४ − ६ + ९ म्हणजेही ७.

पडताळ्याच्या आकड्यांबद्दलही सांभाळा. १, २७, ६४, १२५ हे सोयीचे, कारण घनमूळ तोंडी येतं. ऋण घनही चालतात. वर्गमुळाला जी भीती आहे ती घनमुळाला नाही, ∛(−८) सरळ −२ आहे. पण लेकीच्या दुसऱ्या चुकीवर, म्हणजे ∛(क्ष − ८) = ∛क्ष − २ यावर, तुम्ही ० घातलं तर दोन्हीकडे −२ येईल, आणि ८ घातलं तर दोन्हीकडे ०. चूक असूनही जुळेल! आकडा घालून जुळलं नाही तर चूक नक्की ठरते. जुळलं तर मात्र आणखी एखादा आकडा घालून पाहावा. तिला हे एकदा मुद्दाम दाखवा. मी शिकवत असताना मुलांच्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त कुतूहल मला याच ठिकाणी दिसायचं: खोटं समीकरण दोन जागी खरं कसं काय ठरतं?

याच्याच जोडीला आणखी एक गंमतीची जागा आहे, आणि ती तुमच्या लेकीच्या पहिल्या ओळीत लपली आहे. तिनं (∛क्ष + २) नं गुणलं. क्ष जर −८ असेल तर हा कंस शून्य होतो, म्हणजे वर-खाली शून्यानं गुणल्यासारखं होतं आणि तिची ओळ तिथं निरर्थक ठरते. मूळ उदाहरणात मात्र −८ ला काहीच अडचण नाही: −१६ भागिले −४, उत्तर ४. आता योग्य जोडीदार बघा, म्हणजे (प − २) ला ज्यानं गुणलं की प³ − ८ होतं तो. प² + २प + ४ म्हणजेच (प + १)² + ३. वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून ही राशी ३ च्या खाली कधीच जात नाही. क्ष काहीही असो, तिनं निर्धास्त गुणावं. उत्तरात −८ घातलं तर ४ − ४ + ४, बरोबर ४. बारावीच्या, आणि पुढं इंजिनियरिंगच्या गणितात 'आपण शून्यानं तर गुणत किंवा भागत नाही ना' हा प्रश्न पावलोपावली लागतो. तो विचारायची सवय इथून लावता येते.

तिचा लांबचा रस्ता खरंच मुक्कामी पोचतो का, हे तिला हवं असेल तर पाहू दे. ∛(क्ष²) − ४ ला पुन्हा घनाच्या सूत्रानं मोकळं केलं की खाली क्ष² − ६४ येतं, त्याचे अवयव (क्ष − ८)(क्ष + ८), आणि बरीच काटछाट केल्यावर तेच प² + २प + ४ निघतं. पाऊण पान लागेल. पण स्वतःच्याच अडकलेल्या ओळीतून तिनं ते एकदा काढलं, तर त्या लाल फुलीचा डंख जाईल असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही पत्रात ओझरतं विचारलंय ते. 'हे छेद मोकळे करून मिळतं काय?' हा प्रश्न तुमच्या लेकीनंही केला म्हणता, आणि त्याला क्लासमध्ये उत्तर मिळालं नाही. प्रश्न अगदी रास्त आहे. १/∛२ हे काही चुकीचं उत्तर नाही. पूर्वी हातानं आकडेमोड करायचे, तेव्हा १ ला १.२५९९२१ नं भागणं जिकिरीचं होतं. त्यापेक्षा ∛४ म्हणजे १.५८७४०१ ची निम्मी करणं सोपं, ०.७९३७. आज फोनमध्ये दोन्ही सारखंच. आज त्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे, आणि तो अकरावीतच समोर येतो: सीमा, म्हणजे लिमिट. (∛क्ष − २)/(क्ष − ८) यात क्ष ८ च्या जवळ नेला तर वर-खाली दोन्हीकडे शून्य व्हायला लागतं, काहीच कळत नाही. सोपं रूप केलं की १/(प² + २प + ४) उरतं, प ला २ केलं की १/१२. फोनवर क्षला ८.१ घालून बघा, ०.०८३ च्या आसपास येतं, आणि १/१२ ही तेवढाच आहे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात सीमांच्या धड्यात एक उदाहरण आहे, ज्यात वर एका राशीचं घनमूळ उणे १ आणि खाली त्याच राशीचं षष्ठमूळ उणे १ आहे, आणि ती राशी १ कडे न्यायची आहे. षष्ठमुळाला प म्हणा. (प² − १)/(प − १), म्हणजे प + १, उत्तर २. नाव देण्याची युक्ती आली की मुलं हे तोंडी करतात.

म्हणजे ही उदाहरणं नुसता रियाज नव्हेत. कोचिंगनं हे आत्ता घेतलं ते पुढच्या धड्याच्या तयारीला. एवढं जरी लेकीला सांगितलं असतं तरी तिचा अर्धा वैताग कमी झाला असता.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: शिकवायला बसू नका, पण शेजारी बसा. 'मला स्वतःलाच येत नाही' याची तुम्हाला लाज वाटते असं पत्रात दिसतं. ती वाटून घेऊ नका. इतक्या वर्षांनी घनमुळांचे अपूर्णांक आठवत नाहीत यात नवल काहीच नाही. उलट तुम्हाला उत्तर ठाऊक नसणं इथं उपयोगाचं आहे. ज्याला उत्तर माहीत असतं तो मुलांच्या हातातलं पेन काढून घेतो. तुम्ही फक्त विचारा: ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली? २७ घालून जुळतं का? घन व्हायला काय हवं? हे तीन प्रश्न विचारायला बी.एस्सी. लागत नाही. बाबाही विचारू शकतात, आजीसुद्धा. तुमच्या घरी छेद म्हणत असतील, क्लासात हर, पुस्तकात डिनॉमिनेटर. ज्या शब्दात ती पटकन बोलेल त्या शब्दात बोलू दे, मध्ये दुरुस्ती करू नका.

वेळेचंही बघा. तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघी रात्रीची जेवणं आटोपून बसता. ती सकाळी शाळेत, दुपारी क्लासमध्ये आणि संध्याकाळी भंवरकुआंच्या गर्दीतून घरी. तुम्ही दिवसभर घर आणि नोकरी सांभाळून. त्या वेळी दोघींपैकी कुणाचंच डोकं जागेवर नसतं, मग दहा मिनिटांत आवाज चढला तर त्यात विषयाचा काय दोष? रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाल्यावर अर्धा तास बसा. आठवड्यातून तेवढं पुरे. रोज बसलंच पाहिजे असं नाही, आणि टेस्टच्या आदल्या रात्री तर अजिबात बसू नका.

'मेथड जुनी आहे' हे वाक्य मनाला लावून घेऊ नका. तिला तुमची पद्धत नको असते असं नाही. क्लासमध्ये जी एकच पद्धत चालते तीत गोंधळ व्हायला नको, ही तिची धडपड असते. तिला म्हणा, तुझ्या सरांची पद्धत बरोबरच आहे, वर्गमुळाला. ती घनमुळाला कुठं अडते ते आपण दोघी बघू. मोठ्या बॅचमध्ये सर फळ्यावर भराभर पुढं जातात, तिथं 'हे वर्गमुळापुरतंच बरं का' हे वाक्य राहून गेलं असेल. तिनं डाउट काउंटरला जाऊन एवढंच विचारावं: "सर, क्यूब रूट में किससे मल्टिप्लाई करें, और क्यों?" ह्यातलं 'और क्यों' तिनं न विसरता विचारावं.

आता विषय बदलण्याचं.

ताई, एका टेस्टवरून कुणाला गणिताचं डोकं आहे की नाही हे ठरत नाही, आणि या टेस्टवरून तर नक्कीच नाही. तिची पहिली ओळ मी पुन्हा पुन्हा पाहिली. ओळखीचं तंत्र नव्या जागी नेणं, किंमत न बिघडवता अपूर्णांक हाताळणं आणि जमत नाही म्हटल्यावर खोटं उत्तर न ठोकता थांबणं, हे सगळं त्या एका ओळीत आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून तिला मधल्या पायऱ्या जुळवता आल्या असत्या. तिनं तसं केलं नाही.

तरीही तिच्या बाबांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्यांना मुलीची ओढाताण दिसतेय, आणि वेळेत मार्ग बदलावा असं बापाला वाटणं स्वाभाविक आहे. पण कॉमर्स ही काही पळून जाऊन लपायची जागा नव्हे. तिला हिशोब, व्यापार, बाजार यांत रस असेल, तर तिनं खुशाल कॉमर्स घ्यावं, त्यात कमीपणा काहीच नाही. घनमुळाला घाबरून घेतलं तर भीती तिच्यासोबत तिकडंही जाईल, कारण गणित तिथंही आहे. सीबीएसईनं अकरावी-बारावीला अप्लाइड मॅथेमॅटिक्स हा वेगळा विषयही ठेवलाय. तुमच्या शाळेत तो मिळतो का आणि विषय बदलायची मुदत कधीपर्यंत, हे शाळेत आत्ताच विचारून ठेवा. मुदत माहीत असली की घरात रोज रात्री ती चर्चा करायची गरज उरत नाही.

मधल्या काळात मी दोन गोष्टींवर नजर ठेवली असती. एक, पडताळ्याची सवय लागल्यावर तिची दुसऱ्या जातीची चूक, म्हणजे मुळाला आत वाटून टाकणारी, कमी होते का. दोन, कुणी न सांगता ती एखादं उदाहरण सोडवायला घेते का. मार्क अर्धवार्षिकीत कळतीलच. पण या दोन गोष्टी त्याआधी तुमच्या डोळ्यांना दिसतील, आणि मार्कांपेक्षा त्या मला जास्त खऱ्या वाटतात. दोन्हींपैकी काहीच दिसलं नाही, आणि तिला विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली की मला हे आवडतच नाही, तर तिचं ऐका. विचारायचं मात्र तिला, आणि टेस्टचा पेपर हातात नसताना. बाबांनी विचारलं तर जास्त बरं, कारण सध्या तुमच्या प्रत्येक प्रश्नात तिला गणितच ऐकू येत असणार.

हे पत्र वाचणाऱ्या इतर पालकांची मुलं कदाचित घनमुळाऐवजी लॉगॅरिदममध्ये अडकली असतील, किंवा त्रिकोणमितीत. तिथंही वही उघडून आधी फुल्यांची जात लावा. किंमत बिघडलीय की नुसतं काम अडलंय? लॉगमध्ये बेरजेचा लॉग वाटून लिहिणं ही आपल्या दुसऱ्या पानाचीच बहीण. सोयीचा आकडा घातला की ती लगेच पकडली जाते.

शेवटी एक उदाहरण देते, लेकीसाठी. सोडवून दाखवू नका, सूचनाही देऊ नका, कागदावर लिहून तिच्या टेबलावर ठेवा: १ / (१ + ∛२ + ∛४). छेदात तीन पदं बघून ती आधी बिचकेल. ∛२ ला प म्हटलं तर खाली १ + प + प² आहे, आणि या वेळी मोठा जोडीदार आधीच छेदात बसलाय, शोधायचाय तो छोटा. तिला ते दिसलं तर उत्तर एका ओळीत येतं. आलेलं उत्तर बरोबर आहे का हे तुम्हाला पडताळायचं असेल, तर फोनवर मूळ अपूर्णांकाची किंमत काढा, ०.२६ च्या अगदी जवळ येते. तिचं उत्तरही तेवढंच आलं पाहिजे.